वायद्याची मोटार

१५ जुलै २०२५ रोजीं मुंबईस वांद्रे-कुर्ला संकुलांत टेस्ला या अमेरिकन कंपनीचें भारतांतील पहिलें दालन उघडलें. समारंभास राज्याचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस उपस्थित होते. वृत्तपत्रांनीं छायाचित्रें छापलीं. आणि जिची वार्ता दहा वर्षें कानांवर येत होती ती मोटार एकदांची मुंबईकरांच्या दृष्टीस पडली. किंमत सुमारें साठ लाख रुपये. या आंकड्यांत नवल कांहींच नाहीं. आयात-जकातीचें ओझें वाहून आलेल्या मालाचें असेंच व्हावयाचें. आमचें लक्ष वेधलें तें दरपत्रकांतल्या दुसऱ्याच एका ओळीनें. 'फुल सेल्फ-ड्रायव्हिंग', म्हणजे 'पूर्ण स्वयंचालन', अशा नांवाच्या एका गुणासाठीं सहा लाख रुपये निराळे मागितले होते. आणि त्याच गुणासंबंधीं कंपनीची बारीक अक्षरांतील टीप असें बजावीत होती कीं, चालकानें सदैव सावध राहिलें पाहिजे, या गुणामुळें गाडी स्वयंचालित होत नाहीं. मोठ्या अक्षरांत एक गोष्ट सांगावयाची आणि बारीक अक्षरांत ती मागें घ्यावयाची! त्यांतहि भारतांतील रस्त्यांवर तो गुण त्या वेळीं मुळीं मिळतच नव्हता. तो पुढें केव्हां तरी मिळेल, या आशेचे ते सहा लाख.

मुंबईच्या व्यापाऱ्यांस असल्या व्यवहाराचें नांव शिकवावयास नको. आज ताबा न देतां पुढील मुदतीस माल देण्याचा करार म्हणजे वायदा. कापसाच्या वायद्यांत या शहरानें लक्षावधि रुपये मिळविले आणि लक्षावधि घालविलेहि. परंतु माल देण्याचा महिना कोरा ठेवून सौदा करावा ही युक्ति त्या बाजारांतल्या अट्टल सटोडियासहि सुचल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. विजेच्या मोटारीचा इतिहास चाळूं लागलें म्हणजे मात्र असा बिनमुदतीचा वायदा पदोपदीं भेटतो. ही रीत आजची नव्हे. तिला सव्वाशें वर्षें होऊन गेलीं आहेत. विजेच्या मोटारीची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं, हें आरंभींच सांगून ठेवतों. ती धूर ओकीत नाहीं, कानठळ्या बसवीत नाहीं, आणि शहरांतल्या नित्याच्या फेऱ्यांस ती उत्तम आहे हें आमच्या प्रत्ययाचें आहे. आमचा प्रश्न गाडीविषयीं नसून गाडीला जें नांव देऊन ती विकली जाते त्या नांवाविषयीं आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पेट्रोलची मोटार जिंकणार असें कोणी पैजेवर सांगितलें असतें तर तो वेडा ठरता. १९०० सालीं अमेरिकेंत ४,१९२ मोटारी तयार झाल्या. त्यांपैकीं १,६८१ वाफेच्या, १,५७५ विजेच्या, आणि पेट्रोलच्या अवघ्या ९३६. फिलाडेल्फियाच्या मॉरिस आणि सॅलम या दोघां गृहस्थांनीं १८९४ सालीं 'इलेक्ट्रोबॅट' नांवाची विजेची गाडी बनविली होती, आणि १८९७ सालीं त्यांच्या डझनभर टांगेवजा गाड्या न्यूयॉर्कांत भाड्यानें फिरूं लागल्या. कल्पना खुळी नव्हती. गाडी गिऱ्हाइकास विकावयाची नाहीं, केवळ फेरी विकावयाची. बॅटरी उतरली कीं गाडी ठाण्यावर आणून यारीनें ती काढावयाची आणि भरलेली दुसरी चढवावयाची. आजकाल 'बॅटरी-स्वॅपिंग' म्हणून जिचा नवा शोध म्हणून गाजावाजा होतो ती हीच युक्ति. पण चांगल्या कल्पनेस वाईट दिवस येतात ते बहुधा भांडवलवाल्यांची नजर तिच्यावर पडते तेव्हां. आयझॅक राइस यानें हा धंदा विकत घेऊन 'इलेक्ट्रिक व्हेइकल कंपनी' काढली, आणि १८९९ सालीं विल्यम व्हिटनी हा ट्रामच्या धंद्यांतला मातबर धनिक आणि सायकलींचा कारखानदार कर्नल आल्बर्ट पोप हे तिच्यांत शिरले. मग डझनाच्या जागीं हजारांची भाषा सुरू झाली. अमेरिकेच्या प्रत्येक मोठ्या शहरांत या गाड्या धांवणार, घोडा इतिहासजमा होणार, अशा वार्तांवर शेअरांचे भाव चढले. इकडे प्रत्यक्ष रस्त्यावर शिशाच्या पत्र्यांच्या जड बॅटऱ्या दगडी फरसबंदीवर हादरे खाऊन निकामी होत, आणि त्यांच्या भारानें टायर झिजून जात. १८९९ च्या डिसेंबरांत 'न्यूयॉर्क हेरल्ड' पत्रानें कंपनीनें लबाडीनें कर्ज मिळविल्याचा आरोप प्रसिद्ध केला. 'शिशाच्या गाड्यांची मक्तेदार टोळी' अशी तिची अपकीर्ति झाली, आणि १९०७ सालीं तिचें दिवाळें वाजलें.

या कंपनीच्या उत्तरायुष्यांतील एक गंमत येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. जॉर्ज सेल्डन नांवाच्या वकिलानें १८७९ सालीं अर्ज करून १८९५ सालीं पेट्रोलच्या मोटारीचें पेटंट पदरांत पाडून घेतलें होतें. तें या विजेच्या कंपनीनें आपल्याकडे घेतलें, आणि पेट्रोलच्या गाड्या करणाऱ्या कारखानदारांकडून प्रत्येक गाडीमागें शेंकडा सव्वा टक्का पट्टी वसूल करण्याचा धंदा मांडला. हेन्री फोर्डनें ती देण्याचें नाकारलें. १९०३ सालीं दावा लागला आणि १९११ सालीं अपिलांत फोर्ड सुटला. विजेचें युग आणूं म्हणणारी मंडळी अखेरीस पेट्रोलच्या पट्टीवर पोट भरूं पाहत होती, हें त्या वेळच्या भागधारकांस कितपत उमगलें असेल कोण जाणे!

टॉमस एडिसनची कथा याहून उदात्त, आणि म्हणून अधिक बोधक आहे. बॅटरी हें भोळ्या लोकांस लुबाडण्याचें भागीदारी कंपन्यांचें हत्यार आहे, आणि माणूस एकदां तिच्या नादीं लागला कीं त्याच्या अंगीं सुप्त असलेली थापा मारण्याची शक्ति जागी होते, असें एडिसननें १८८३ सालीं एका मुलाखतींत उघडपणें सांगितलें होतें. हेंच भाकीत त्याला स्वतःला लागू पडावें हा दैवाचा खेळ म्हणावयाचा. १९०१ सालीं त्यानें लोखंड आणि निकेल यांची नवी हलकी बॅटरी काढल्याचें जाहीर केलें. तिच्यामुळें घोड्याचे दिवस भरले असें वृत्तपत्रांनीं छापलें. १९०३ सालीं ती बाजारांत आली, आणि लवकरच तिचे डबे गळूं लागले, तिची शक्ति मंदावूं लागली. मग एडिसननें काय केलें? कारखाना थांबविला, दोषी माल परत घेतला, आणि तो पुन्हां प्रयोगशाळेंत जाऊन बसला. सुधारलेली बॅटरी बाहेर यावयास १९०९-१० उजाडलें. ती खरोखरच टिकाऊ निघाली. खाणींत आणि आगगाडीच्या दिव्यांस तिनें कित्येक दशकें चाकरी केली. पण मोटारीचा डाव तोंवर हातचा गेला होता. १९१२ सालीं कॅडिलॅक गाडीस चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर बसला, हात मोडणारा हँडल गेला, आणि पेट्रोलची गाडी सुरू करण्यास पहिलवान लागेनासा झाला. तरीहि १९१४ च्या जानेवारींत हेन्री फोर्डनें एडिसनच्या बॅटरीवर चालणारी स्वस्त विजेची मोटार वर्षभरांत काढण्याचा मनोदय प्रसिद्ध केला. ती गाडी कधींच बाहेर पडली नाहीं. तथापि एडिसनच्या थापेचा (तिला थाप म्हणावयाचेंच असेल तर) भुर्दंड मुख्यतः एडिसननेंच भरला.

याच काळांत डेट्रॉइट शहरीं अँडरसन नांवाच्या बग्गीवाल्याच्या कारखान्यांत 'डेट्रॉइट इलेक्ट्रिक' गाड्या १९०७ पासून होत असत. फार वेगाच्या नव्हेत. ताशीं वीस मैलांच्या आसपास. तिच्या एका गाडीनें परीक्षेंत एकदां बॅटरी भरल्यावर २११ मैल मजल मारून दाखविली होती. पण कंपनी गिऱ्हाइकास सांगे ऐंशी मैल. २११ मैल चाललेली गाडी ऐंशी मैलांची म्हणून विकणारा दुकानदार आम्हांस आजच्या बाजारांत दाखवा, आम्ही त्याच्या दुकानाची पायरी आनंदानें चढूं! आतां गणित नेमकें उलट झालें आहे. दक्षिण कोरियाच्या व्यापार-नियामक मंडळानें २०२३ च्या जानेवारींत टेस्लास सुमारें २८५ कोटि वॉन दंड केला, तो थंडीच्या दिवसांत गाडीची मजल जाहिरातीच्या मानानें निम्म्यावर येऊं शकते हें गिऱ्हाइकांस नीट न सांगितल्याबद्दल. आपल्याकडे पुण्यास १९६६ सालीं स्थापन झालेली ए. आर. ए. आय. ही संस्था गाड्यांची परीक्षा करते. ठराविक तापमानांत, फिरत्या रुळांवर, ठरलेल्या चालीनें गाडी चालवून मजल मोजली जाते, आणि निरनिराळ्या गाड्यांची तुलना करण्यास तें माप योग्यच आहे. त्या मापांत असत्य नाहीं. असत्य उपजतें तें जाहिरातदार तोच आंकडा रस्त्यावरची मजल म्हणून फळ्यावर लिहितो तेव्हां. प्रयोगशाळेंतला आंकडा उराशीं धरून जो पुणेकर कात्रजचा घाट चढूं लागतो, त्याला तो घाट दोन्ही अर्थांनीं दाखविला जातो.

येथपर्यंतची गोष्ट पैशाची झाली. कोणाचे शेअर बुडाले, कोणाची गाडी वाटेंत बंद पडली. हें दुःख लहान नव्हे, पण तें सोसण्यासारखें आहे. विसाव्या शतकांत या कथेस दुसरा फांटा फुटला, आणि त्याचें मोल पैशांत मोजतां येत नाहीं. तो फांटा म्हणजे चालकावांचून चालणारी मोटार.

तिचा पहिला गाजलेला प्रयोग १९२५ सालच्या उन्हाळ्यांत न्यूयॉर्कांत झाला. फ्रान्सिस हाउडिना नांवाच्या इंजिनियरानें रेडिओच्या लहरींनीं चालणारी रिकामी मोटार ब्रॉडवेवरून आणि फिफ्थ अॅव्हेन्यूवरून फिरवून दाखविली. मोटार रिकामी खरी, पण तिच्या मागून दुसऱ्या मोटारींत बसलेला माणूस ती चालवीत होता; आणि अखेरीस ती आपटली कशावर म्हणाल, तर हा चमत्कार टिपावयास आलेल्या छायाचित्रकारांच्या मोटारीवर! (हाउडिनाच्या नांवामुळें हॅरी हूडिनी हा जगप्रसिद्ध जादूगार संतापला आणि त्याच्या कचेरींत जाऊन त्यानें मोडतोड केली असा आरोप झाला. या प्रकरणांत आरंभापासून नांवाचाच तंटा आहे असें दिसतें.) १९३९ च्या न्यूयॉर्क येथील जागतिक प्रदर्शनांत जनरल मोटर्सनें नॉर्मन बेल गेडीस या कल्पक नेपथ्यकाराकडून १९६० सालच्या अमेरिकेचा भव्य देखावा करविला. फिरत्या खुर्च्यांत बसून लोकांनीं तो पाहिला. त्यांत मोटारी आपोआप परस्परांतील अंतर राखून धांवत होत्या. बाहेर पडतांना प्रत्येकास एक बिल्ला मिळे. त्यावर मजकूर असे, 'मीं भविष्य पाहिलें आहे'. पाहिलें होतें तें एका गाडीच्या कारखानदाराचें खेळणें. पण बिल्ला छातीवर लागला कीं माणूस साक्षीदार होतो.

या सर्व इतिहासांत आम्हांस मनापासून आवडलेला पुरुष म्हणजे राल्फ टीटर. हा अमेरिकन इंजिनियर लहानपणींच अंध झाला होता. त्याचा वकील मोटार चालवीत असे, आणि बोलूं लागला कीं वेग कमी करी, ऐकूं लागला कीं वाढवी. त्या धक्क्यांनीं बेजार होऊन टीटरनें वेग स्थिर ठेवणारें यंत्र काढलें अशी कथा आहे. त्याचें पेटंट १९५० सालीं मिळालें. यंत्रास त्यानें नांव दिलें 'स्पीडोस्टॅट', म्हणजे वेग राखणारें. जें तें करी तेंच त्याचें नांव. त्यांत एक अक्षर अधिक नाहीं. १९५८ सालीं क्रायस्लर कंपनीनें तें आपल्या बड्या गाड्यांत बसविलें, आणि जाहिरातींत त्याचें बारसें केलें 'ऑटो-पायलट'! गाडीची दिशा तें राखीत नव्हतें, ब्रेक लावीत नव्हतें, समोरचा खांब त्यास दिसत नव्हता. तरी तें 'वैमानिक' झालें. पुढें कॅडिलॅकनें त्यास 'क्रूझ कंट्रोल' म्हटलें आणि तेंच नांव लोकांत रूढ झालें. डोळस जाहिरातवाल्यांपेक्षां अंध शोधकाची दृष्टि साफ होती.

शास्त्रज्ञांनीं मात्र शब्दांस असें सैल सोडलें नाहीं. जर्मनींत एर्न्स्ट डिकमान्स यांच्या मंडळीनें १९८७ च्या सुमारास मोकळ्या रस्त्यावर ताशीं ९६ किलोमीटर वेगानें मोटार आपोआप चालविली. १९९५ सालीं पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठांतील दोघे संशोधक आपली गाडी घेऊन सान डिएगोपर्यंत सुमारें २,८५० मैल गेले. प्रवासाचें नांव होतें 'नो हँड्स अॅक्रॉस अमेरिका', आणि तें शब्दशः खरें होतें: स्टिअरिंग बहुतेक वेळ यंत्र फिरवी, वेग आणि ब्रेक माणसाच्या पायांत. नांवांत हात होते, पाय नव्हते. हिशेब त्यांनीं दिला तो ९८.२ टक्क्यांचा, उरलेले १.८ टक्के त्यांनीं लपविले नाहींत. २००४ सालीं अमेरिकन सैन्याच्या 'डार्पा' संस्थेनें मोहावी वाळवंटांत चालकहीन गाड्यांची सुमारें दीडशें मैलांची शर्यत लाविली. सर्वांत पुढें गेलेली गाडी साडेसात मैलांच्या आंतच अडकली आणि दहा लाख डॉलरांचें बक्षीस तसेंच राहिलें. पुढल्याच वर्षीं पांच गाड्या शर्यत पुरी करून आल्या. प्रगति अशी होत असते; तिला ढोल लागत नाहीं.

आतां टेस्लाकडे वळूं. २०१५ च्या ऑक्टोबरांत कंपनीनें आपल्या गाड्यांत जी चालक-साहाय्याची यंत्रणा सुरू केली तिचें नांव 'ऑटोपायलट'. सत्तावन्न वर्षांपूर्वींचें क्रायस्लरचें जुनेंच नांव. पण या वेळीं यंत्र इतकें चांगलें होतें कीं नांव पटूं लागलें. आमच्या मतें संकटाचें मूळ नेमकें येथें आहे. जें यंत्र उघड वाईट आहे त्यावर कोणी विसंबत नाहीं. नव्व्याण्णव वेळां जें बिनचूक वागतें तें शंभराव्या वेळीं माणसाचा घात करतें, कारण तोंवर माणूस दुसरीकडे पाहूं लागलेला असतो. ७ मे २०१६ रोजीं फ्लोरिडांतील विलिस्टन गांवाजवळ ऑटोपायलटवर असलेली एक गाडी आडव्या वळणाऱ्या मालट्रकच्या खालून आरपार गेली आणि चालक जागींच ठार झाला. ब्रेक ना यंत्रानें लाविला, ना माणसानें. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानें २०१७ सालीं निर्णय दिला. त्यांत ट्रकवाल्यानें वाट न दिल्याचा दोष होता, मोटारचालकाच्या बेसावधपणाचा होता, आणि इतका दीर्घ बेसावधपणा चालूं देणाऱ्या यंत्ररचनेचाहि होता. या गाड्यांना 'डोळा' पुरविणारी इस्रायली कंपनी मोबिलआय २०१६ सालींच टेस्लापासून दूर झाली. सुरक्षिततेच्या बाबतींत टेस्ला मर्यादेबाहेर जात आहे असें तिच्या अध्यक्षांनीं जाहीरपणें सांगितलें. चष्मा करणाराच 'हा चष्मा लावून एवढें दिसणार नाहीं' म्हणाला, तरी विक्रेता थांबला नाहीं.

उलट त्याच वर्षीं ऑक्टोबरांत नवा वायदा झाला. यापुढील प्रत्येक गाडींत पूर्ण स्वयंचालनास लागणारी सामग्री आहे, आणि २०१७ संपण्यापूर्वीं गाडी लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कपर्यंत कोणीं हात न लावतां जाईल, असें इलॉन मस्क यांनीं सांगितलें. सोबत एक चित्रफीत होती. चालकाच्या जागीं बसलेला माणूस केवळ कायद्यासाठीं बसला आहे, गाडी आपली आपण चालत आहे, अशा आशयाची सूचना तिच्या आरंभीं होती. या फितीचें रहस्य फुटावयास सहा वर्षें लागलीं. कंपनीच्या ऑटोपायलट विभागाचे प्रमुख अशोक एल्लुस्वामी यांनीं २०२२ सालीं एका खटल्यांत शपथेवर साक्ष दिली, ती २०२३ च्या जानेवारींत प्रसिद्ध झाली. वाट आधीं ठरविलेली आणि नकाशावर आंखलेली होती. गिऱ्हाइकांच्या गाड्यांस त्या वेळीं तें सामर्थ्य नव्हतें. आणि तालमींत एक गाडी कंपनीच्याच आवारांतील कुंपणावर आदळली होती. २०१७ उलटलें; तो प्रवास झाला नाहीं. २०१९ च्या एप्रिलांत मस्क यांनीं पुढील वर्षीं दहा लाखांहून अधिक चालकहीन टॅक्सी रस्त्यांवर असतील असा वायदा केला. २०२० उलटलें. पुढें २०२५ च्या जूनमध्यें ऑस्टिन शहरीं कंपनीची टॅक्सीसेवा प्रथम सुरू झाली, तेव्हां गाड्या थोड्या होत्या, आणि चालकाची खुर्ची रिकामी असली तरी शेजारच्या खुर्चींत कंपनीचा देखरेख्या बसलेला होता. हाउडिनाच्या काळीं माणूस मागच्या गाडींत होता. शंभर वर्षांत तो शेजारच्या खुर्चीपर्यंत आला.

निकोला टेस्ला या थोर संशोधकाच्या नांवाची वांटणीच झाली म्हणावयाची. एका कंपनीनें आडनांव घेतलें, दुसरीनें पहिलें. या दुसऱ्या निकोला कंपनीची करणी तर अशी कीं तिच्यापुढें बाकी सारे साधु ठरावेत. तिच्या विजेच्या ट्रकाची धांवतांनाची चित्रफीत २०१८ सालीं प्रसिद्ध झाली. ट्रक धांवत होता तो इंजिनानें नव्हे, उताराने! टेंकाडावर ओढून नेऊन त्याला खालीं सोडून दिलें होतें. गुरुत्वाकर्षणावर कोणाचें पेटंट नाहीं हें त्या कंपनीचें भाग्य. संस्थापक ट्रेव्हर मिल्टन यास २०२२ सालीं भागधारकांच्या फसवणुकीबद्दल दोषी ठरविण्यांत आलें, २०२३ सालीं चार वर्षांची शिक्षा झाली, आणि २०२५ च्या मार्चांत राष्ट्राध्यक्ष ट्रंप यांनीं त्याला माफी दिली. कंपनी त्याच्या आधींच, फेब्रुवारींत, दिवाळखोरींत गेली होती.

या ठिकाणीं कोणी म्हणेल, विमानांतहि ऑटोपायलट असतो आणि तेथेंहि वैमानिक बसलेला असतो. मग या नांवांत खोटें काय? कंपनीचा बचाव हाच आहे, आणि तो वरकरणी बिनतोड वाटतो. पण विमानाचा चालक वर्षानुवर्षें शिकलेला असतो, त्याच्या शेजारीं दुसरा असतो, आणि यंत्रानें हात टेकले तर आकाशांत सामान्यतः त्याला सावरावयास मोकळी जागा आणि अवधि मिळतो. रस्त्यावर हा अवधि दोन-तीन सेकंदांचा. शिवाय ज्याच्या हातीं ही गाडी पडते त्यानें दुकानांतून किल्ली घेतलेली असते, शिक्षण नव्हे. इंग्लंडांत नॉर्मन मॅकवर्थ यांनीं १९४८ सालीं प्रसिद्ध केलेले प्रयोग या बाबतींत वाचण्यासारखे आहेत. युद्धांत रडारच्या पडद्याकडे तासन् तास पाहत बसणाऱ्या सैनिकांचें लक्ष कां ढळतें, हें शोधण्यासाठीं त्यांनीं घड्याळाच्या कांट्यासारखा एक कांटा माणसांपुढें ठेवला. क्वचित् तो दुप्पट उडी मारी, तेवढी टिपावयाची. पहिल्या अर्ध्या तासानंतरच माणसें चुकूं लागलीं. चांगलीं, निवडक, तरुण माणसें! कांहीं न करतां नुसतें पाहत राहणें हें मनुष्याच्या मनास सर्वांत अवघड काम आहे. आणि १९८३ सालीं लिझॅन बेनब्रिज या विदुषीनें दाखवून दिलें कीं, यंत्र जितकें अधिक काम करील तितका माणसाचा सराव सुटतो, आणि त्याला हाक येते ती मात्र नेमकी सर्वांत कठिण क्षणीं.

म्हणजे पाहा, बॅटरीच्या नांवांत केलेली अतिशयोक्ति बॅटरीच्या आंत कांहीं बदल करीत नाहीं. ऐंशी मैलांची गाडी दोनशें मैलांची म्हटली तरी ती ऐंशीच मैल जाते. परंतु चालक-साहाय्याच्या यंत्रांत चालकाचें लक्ष हा यंत्राचाच एक अवयव असतो. 'पूर्ण स्वयंचालन' हे दोन शब्द त्या अवयवावर रोज थोडे थोडे काम करीत राहतात, आणि तो सैल करून टाकतात. नांवाचें श्रेय कारखानदार घेतो, आणि अपघात झाला कीं बारीक अक्षरांतील टीप पुढें करून दोष चालकाच्या माथीं मारतो. जमा एका खात्यावर आणि खर्च दुसऱ्या, अशा या चोपड्या आहेत.

कायद्याला ही गोष्ट उशीरा कां होईना दिसूं लागली. अर्धवट स्वयंचालित गाडी पूर्ण स्वयंचालित असल्यासारखें नांव देऊन विकूं नये असा कायदा कॅलिफोर्नियानें २०२२ सालीं केला. २०२३ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील वीस लाखांहून अधिक टेस्ला गाड्यांतील ऑटोपायलटवर चालकाचें लक्ष राखण्याची व्यवस्था अपुरी म्हणून दुरुस्ती लादली गेली. २०२४ सालीं 'फुल सेल्फ-ड्रायव्हिंग' या नांवापुढें कंसांत 'सुपरवाइज्ड', म्हणजे 'देखरेखीखालील', हा शब्द आला. पूर्ण, स्वयं, आणि देखरेखीखालील! मराठींत आपण याला 'देखरेखीखालील ब्रह्मचर्य' म्हणूं. आणि १ ऑगस्ट २०२५ रोजीं मायामी येथील ज्यूरीनें २०१९ सालच्या एका अपघाताबद्दल कौल दिला. ऑटोपायलटवर गाडी सोडून चालक खालीं पडलेला फोन उचलावयास वांकला होता. गाडी रस्त्याच्या शेवटीं उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीवर आदळली आणि जवळ उभी असलेली बावीस वर्षांची मुलगी मेली. चालकानें आपली चूक कबूल केली होती. तरीहि ज्यूरीनें तेहतीस टक्के दोष कंपनीचा ठरविला आणि तिनें सुमारें २४ कोटि ३० लाख डॉलर द्यावे असें सांगितलें. कंपनीनें अपिलाची वाट धरली. त्या मुलीनें ती गाडी विकत घेतली नव्हती, टीपहि वाचली नव्हती. ती नुसती रस्त्याच्या कडेला उभी होती.

चालकहीन मोटार अशक्य आहे असें आम्ही म्हणत नाहीं. गूगलनें २००९ सालीं आरंभिलेला आणि पुढें वेमो नांवानें वाढलेला उद्योग २०२० पासून फिनिक्स शहराच्या कांहीं भागांत चालकावांचून सर्वसामान्य उतारू नेऊं लागला. पण आधीं हद्द आंखून, नकाशे करून, वर्षानुवर्षें परीक्षा घेऊन. दोषाची जबाबदारी तेथें उतारूवर टाकतां येत नाहीं, कारण त्याच्यापुढें स्टिअरिंग धरावयास तो बसलेलाच नसतो. फरक यंत्रांत आहे तितकाच या हिशेबांतहि आहे.

मुंबईकडे परत येऊं. २०१६ सालीं टेस्लाच्या मॉडेल ३ या स्वस्त म्हणविल्या गेलेल्या गाडीसाठीं भारतांतूनहि नोंदणी खुली झाली होती, आणि येथील कित्येक हौशी लोकांनीं हजार हजार डॉलर अनामत भरली. गाडी लवकरच येणार, असें मस्क वारंवार लिहीत. वर्षें लोटलीं, ती गाडी आली नाहीं. २०२५ च्या मे महिन्यांत कंपनीनें त्या जुन्या अनामती परत करावयास घेतल्या. त्यानंतर दोन महिन्यांनीं वांद्र्यास दालन उघडलें, दुसरेंच मॉडेल मांडलें गेलें, आणि दरपत्रकांत सहा लाखांची ती ओळ आली. तिच्यासमोर मुदतीचा रकाना नव्हता.